आबांचे कफलिंक आणि सहा काजं

शेवंतीबाई तीस वर्षं कोपरच्या दौलत मास्तरांकडे शर्टांचं काजबटण करत होत्या. त्यांच्या हाताला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. म्हणून त्या रविवारी सकाळी मास्तर कपाळाला हात लावून बसले, तेव्हा झालं काय ते त्यांना कळेचना.

शर्ट न्यायला आलेल्या रत्नदीपच्या पांढऱ्या शर्टाचे कफ दुप्पट रुंद होते आणि प्रत्येकावर खडूच्या चार-चार खुणा. कापणाऱ्याचं लक्ष नसेल, असं समजून बाईंनी चूक सुधारून दिली होती. प्रत्येक कफाला एक काज, एक बटण.

रत्नदीपचं लग्न त्याच दुपारी चारला, माजिवड्याच्या हॉलमध्ये. तो म्हणाला, राहू दे, दुसरा शर्ट घालतो. पण सोबत आलेल्या त्याच्या आजोबांनी, आबांनी, खिशातून डबी काढली. आत चांदीचे दोन कफलिंक होते, बारीक साखळीचे. आबांची सगळी नोकरी मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून गेली. साहेबांची मनगटं बघून बघून त्यांनी ही एकच चैनीची वस्तू घेतली होती. ती लावता येईल असा शर्ट मात्र त्यांच्या अंगाला कधी लागला नाही. लग्नात तरी नातवाच्या मनगटावर त्यांना हे कफलिंक बघायचे होते.

आबा रागावले नाहीत. बाईंजवळ बसून सांगू लागले, की विलायतेत आधी कफ फितीने बांधायचे. पुढे खळ घालून ते इतके ताठ करू लागले की साधं बटण त्यातून जाईना. मग साखळीचा हा जोड कामी आला.

"कफ दुमडायचा, दोन्ही कडा एकमेकींना टेकवायच्या आणि चारही काजांतून हा ओवायचा," आबा म्हणाले.

बाईंना वडिलांचा सदरा आठवला. त्याचीही चांदीची बटणं साखळीत होती. सदरा धुवायला टाकण्याआधी आई ती काढून ठेवायची.

"निघायचं कधी?" त्यांनी विचारलं.

"दोनला."

"मग बसा. अकराच वाजलेत."

त्यांनी दोन्ही बटणं उसवली आणि दारातल्या उजेडात स्टूल ओढलं. प्रत्येक कफाला आणखी तीन, अशी सहा काजं करायची होती. मास्तर दोनदा म्हणाले, काजाच्या मशीनवर मारून आणतो. बाईंनी पुढचं काज हातात धरलं. टाक्याला टाका लागून बसत होता.

एक वाजता रत्नदीपने शर्ट चढवला. आबांनी डबी पुढे धरली आणि कफलिंक बाईंनीच ओवले. दुमडलेल्या कफावर चांदी चमकली. आबांनी मात्र चांदी सोडून काजाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एवढ्या साहेबांचे कफ जवळून बघितले बाई. असं काज नाही बघितलं."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. दोघं जयभीम करून निघाले, तसे मास्तर म्हणाले, "पुढच्या वेळी आधी विचारा हो."

"विचारीन की. पण तुम्हाला तरी माहीत होतं का मास्तर, चार कशाला ते?"

मास्तरांनी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला.