बुक्क्याच्या डबीतली साखर

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे यावे, सभामंडपात जागा पुष्कळ आहे. माझा आवाज लहान, झाकण उघडताना होतो तेवढाच. पण एक गोष्ट सांगते, आणि अशी सांगते की घरी जाताना तुमची जीभ गोड झालेली असेल.

मी एक जुनी पितळी डबी आहे. पेणच्या एका तांबटाने मला घडवले. झाकणावर त्याने तुळशीचे पान कोरायला घेतले ते जरा वाकडे आले. "असू दे, वाऱ्यानं हललेलं दिसतंय," असे म्हणून त्याने ते तसेच ठेवले. झाकण मात्र त्याने इतके घट्ट बसवले की मला पाण्यात बुडवले तरी आत थेंब जाऊ नये.

कशेळ्याच्या बुधाजीबुवांनी मला घेतले आणि बुक्का भरून खांद्याच्या पिशवीत टाकले. बुवा कीर्तनकार. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. त्या कुलाब्यातली किती गावे मी त्या पिशवीतून पाहिली! बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी डोळे मिटत आणि मग हळूच हसत, जणू कोणी ओळखीचे समोर येऊन बसले आहे. कीर्तन संपले की माणसे रांगेने येत. बुवा माझ्यात बोट बुडवून एकेकाच्या कपाळी बुक्का लावत. गावचा पाटील येवो की डोंगरावरच्या वाडीतून मोळी विकायला आलेली बाई येवो, बोट तेवढेच बुडे. मला त्याचा फार अभिमान होता.

बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणाऱ्यांत पोशीरचा लडकू होता. मिसरूड फुटत आलेला, उंच, पायात जणू स्प्रिंगच. दिंडीत टाळ वाजवत एका ठेक्यात पुढे-मागे पावले टाकतात, त्याला पावली म्हणतात. लडकू पावली खेळायला लागला की म्हातारी माणसेसुद्धा काठी टेकून तीन ठेके नाचून घेत.

एका वर्षी तो वाळत चालला. घागरभर पाणी प्यायचा तरी तहान भागेना. बाप खोपोलीला कारखान्यात, म्हणून आई चंद्राबाई त्याला घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेली. परतली ती काचेच्या नळीची सुई, औषधाची बाटली आणि एक शब्द घेऊन: मधुमेह. सुई रोज, आणि जन्मभर.

चंद्राबाई खंबीर. औषधाची बाटली गार राहावी म्हणून ती ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवी, सुई उकळून घेई. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले होते, "बाई, हे औषध रक्तातली साखर खाली आणतं. अंगमेहनतही खाली आणते. दोन्ही एकदम झाली की साखर फारच उतरते. मग घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस भलतंच वागतो. तेव्हा ताबडतोब साखर द्यायची. आणि मेहनतीआधी जरा जास्त खायचं."

"साखरेच्या आजाराला साखर?" चंद्राबाईने विचारले होते.

"त्या वेळी तेच औषध," डॉक्टर म्हणाले होते.

ती लडकूला कागदाच्या पुडीत साखर बांधून देऊ लागली. पण भात झोडताना घामाने पुडीचा लगदा झाला, आणि लडकू खळ्यातच भेलकांडला. शेजारी गूळ होता म्हणून निभावले. हे बुवांच्या कानावर गेले. ते पोशीरला आले, मला तुळशीच्या बुंध्याशी रिकामे केले, धुऊन पुसून लडकूच्या हातावर ठेवले.

"आजवर हिच्यातलं कपाळाला लावलं. आता तू जिभेला लाव," बुवा म्हणाले.

"बुवा, बुक्क्याच्या डबीत साखर? देव रागवंल."

"देव मला इचारून रागावतो काय रं? भर साखर."

मित्रांनो, खरे सांगते, आधी मला वाईट वाटले. कीर्तन सुटले म्हणून नव्हे, लडकू मला कमरेला बांधून कीर्तनालाच नेई. पण कपाळे सुटली. मग हळूहळू कळले की हेही तेच काम आहे. पावली रंगात आली की लडकू बाजूला होई, चिमूटभर साखर तोंडात टाकी आणि पुन्हा ठेक्यात येई. त्याच्या कमरेला उड्या मारता मारता माझी साखर आत वाजे. मला तो माझाच टाळ वाटे.

आता येसूबाईकडे येते. ही लडकूची आत्या. चौकला हमरस्त्यावर तिचे चहाचे दुकान होते. दिवसभर ट्रकवाल्यांना गोड चहा पाजायची, पण भाच्याला साखर वर्ज्य झाली हे ऐकल्यापासून स्वतःच्या चहात तिने साखर घातली नव्हती. "लडकूला नाय तं मलापण नाय," म्हणायची. वर्ज्य साखर कधी औषध होते, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

त्या चैत्रात पोशीरला हरिनाम सप्ताह बसला आणि येसूबाई आठवडाभर राहायला आली. शेवटच्या दिवशी सकाळी फडताळ झाडताना मी तिच्या हाती लागले. तिने मला उघडले. आत साखर होती.

"चोरून खातंय पोरगं," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसरी कोणी असती तर घर डोक्यावर घेतले असते. येसूबाईने ब्र काढला नाही. भरल्या सप्ताहात पोराला बोलणी नकोत, एवढेच तिच्या मनात. तिने साखर मुंग्यांना घातली, चिंच लावून मला लखलखीत घासले, आणि देवळातून बुक्का आणून काठोकाठ भरला. मला जागेवर ठेवताना तिने माझ्या झाकणावर हात ठेवून नमस्कारही केला.

मी आत काळी झाले होते आणि बाहेर झळकत होते. जन्मात मला वाचेची एवढी गरज कधी पडली नव्हती.

लडकूने सुई घेतली, दुधाबरोबर दीड भाकर खाल्ली आणि चकाकी पाहून "आयनं घासली वाटतं" म्हणत मला कमरेला बांधले. उघडून पाहिले नाही.

काल्याची दिंडी निघाली. दारोदार आरती, दारोदार टाळकऱ्यांच्या पायांवर पाणी. उन्हे चढली. पुढचा टाळकरी मुरगळलेल्या पायाने मागे राहिला, तेव्हा पावलीचे पुढारपण लडकूकडे आले. मग तो कसला थांबतोय? साखरेची वेळ टळून गेली. माझ्याभोवतीचे धोतर घामाने थंड पडत चालले होते, आणि त्याच्या ठेक्यात कधी नव्हे ती कसर येत होती.

देवळाच्या पायऱ्यांशी त्याने मला काढले. बोटे इतकी थरथरत होती की झाकण दाताने उघडले. चिमूट तोंडात टाकली. ती बुक्क्याची होती.

त्याने माझ्यात पाहिले आणि तो हसला. ते हसू त्याचे नव्हते. मग टाळ उलटेसुलटे वाजवत तो गरागरा फिरू लागला. डोळ्यांतून पाणी, ओठ काळे, अंग कापत होते.

"भाव आला," कोणीतरी हात जोडून म्हणाले. "लडकूला भाव आला."

वीणा गळ्यात घेतलेले रामभाऊ, गावातले सर्वांत जुने वारकरी, तेही वाकून त्याच्या पाया पडले. बायका पुढे झाल्या. कोणी हार घातला. देवाच्या नावाने रंगलेला माणूस असाच थरथरतो, हे कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेले. मी त्याच्या मुठीत उघडी होते, आणि सारा गाव माझ्या धन्याच्या संकटाला नमस्कार करत होता.

येसूबाईही पाया पडायला वाकली. वर पाहते तो भाच्याच्या ओठांवर बुक्का.

"वयनी," ती चंद्राबाईकडे वळली, "ह्यो बुक्का खातोय का?"

चंद्राबाई गर्दीतून आत घुसत होती. "डबीत साखर अस्ती त्याच्या, वन्सं. अंग कापलं की खायाला. डॉक्टरनं सांगितलेली."

येसूबाई डबीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती म्या काढली. चोरून खातोय वाटलं मला."

तेवढ्यात लडकू पायरीवर कोसळला. चंद्राबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. "साखर आणा कुनीतरी."

"साखरेचाच आजार त्याला, नि साखर देतेस?" रामभाऊ म्हणाले. "मारशील पोराला. भाव उतरंल आपसूक."

"हा भाव नाय, भाऊ. साखर उतरलीय त्याची."

पण साखर कुठून आणायची? सगळा गाव दिंडीत, घरांना कड्या. येसूबाईने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर गाभाऱ्यात गेली. देवापुढे नैवेद्याची वाटी होती, साखरेने भरलेली. काल्याचे कीर्तन होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या वाटीला कोणी बोट लावत नसे.

"बुवा," ती दारातल्या बुधाजीबुवांना म्हणाली, "ती वाटी द्या. पाप लागंल ते मला लागू दे."

बुवा लगेच आत गेले आणि वाटी घेऊन बाहेर आले.

"बुवा, निवेद दाखवला नाय अजून," रामभाऊ म्हणाले.

"दाखवतोय की," बुवा म्हणाले आणि लडकूपुढे गुडघे टेकून बसले. "हितंच दाखवतोय."

चंद्राबाईने लेकाला कुशीवर वळवले. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तो तिने परतवला. "पानी नको, ठसका लागंल." बोटावर साखर घेऊन ती त्याच्या गालाच्या आतून चोळू लागली. एक बोट, मग दुसरे. सप्ताहाची वीणा थांबवायची नसते. रामभाऊंचे बोट तारेवर फिरत होते, पण डोळे लडकूच्या ओठांवर होते. येसूबाई त्याचे तळवे घाशीत होती, सकाळी मला घासले होते तशी.

मग त्याचा जबडा हलला. त्याने गिळले. चंद्राबाईने आणखी साखर दिली. घामेजलेल्या कपाळाखाली डोळे उघडले, आणि या वेळी ते त्याचेच होते.

"पावली का थांबवली रं?" त्याने विचारले.

साऱ्या गावाने सोडलेला तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो. बायका हसता हसता रडायला लागल्या. रामभाऊंनी उपरण्याने डोळे पुसले आणि दटावले, "पाया पडलो रं तुझ्या मी. फुकट गेला नमस्कार."

"मंग मी पडतो तुमच्या."

"आधी खा गुमान."

त्याने दूध-पोहे खाल्ले. मग काल्याचे कीर्तन झाले, आणि बुवा इतके गोड बोलले म्हणता! संध्याकाळी चंद्राबाईने टाळ उचलून माळ्यावर ठेवायला घेतले. "आता बास झाली पावली," ती म्हणाली. लडकू खाली मान घालून बसला.

"चंद्राबाई, डॉक्टर काय बोलले?" बुवांनी विचारले. "मेहनत नको बोलले, की मेहनतीत खा बोलले?"

चंद्राबाईने माळ्याकडचा हात मागे घेतला. मग तिने टाळ लेकाच्या पुढ्यात ठेवले.

पुढच्या सप्ताहापासून पोशीरला नवा रिवाज पडला. दिंडी अर्ध्या वाटेवर आली की वडाखाली थांबायची, आणि प्रत्येकाच्या हातावर साखर पडायची. एकट्या लडकूने बाजूला होऊन खायचे कशाला? सगळेच खाऊ लागले. वाटायला येसूबाई असे, दरवर्षी चौकहून येऊन. "येसूबाई, माझी चिमूट ल्हान," रामभाऊ कुरकुरत. ती आधी मला उघडून आत बोट घाली, चाखून खात्री करी आणि मगच इतरांना वाटू लागे.

ज्या दिवशी कोसळला त्याच रात्री लडकूने येसूबाईसाठी स्वतः चहा केला आणि माझ्यातली नव्याने भरलेली साखर त्यात घातली. तिने घोट घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. "लय गोड केलास रं," म्हणाली, पण कप तळापर्यंत रिकामा केला.

आता माझे झाकण सैल झाले आहे. लडकू खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवतो, आणि मी देवळातल्या कोनाड्यात असते. तक्रार नाही. पावली अजून चालू आहे आणि ठेका त्याचाच आहे.

मित्रांनो, तुमच्यात कोणाला हा आजार असेल तर त्याला खेळातून उठवू नका. त्याने आधी खाल्ले का ते विचारा, त्याच्या खिशात साखर आहे का ते पाहा. आणि कोणाची डबी रिकामी करण्यापूर्वी ती कशासाठी भरली आहे, एवढे विचारून घ्या.

येसूबाई आता नाही. कधी वडाखाली तुमच्या हातावर साखर पडली, तर ती जिभेवर ठेवताना माझी आठवण नका काढू. तिची काढा.