उघड्या बादलीतलं पाणी

टक्क.

सकाळच्या निजलेल्या घरात तेवढा एकच आवाज झाला, गॅलरीच्या बाजूने. तिने चहाचा कप हातात तसाच धरून कान दिला. पुन्हा काही नाही. बाबा उठले असतील, गोळ्यांची डबी उघडली असेल, असं मनाशी म्हणून तिने पुन्हा कपाला तोंड लावलं. भिंगरी उठायच्या आत मिळणारा हा एवढासा वेळ तिचा एकटीचा होता. तो असल्या टकटकीवर उधळायची तिची तयारी नव्हती.

भिंगरी म्हणजे तिची लेक. जागेपणी एका जागी उभी असलेली कुणी पाहिली नाही, म्हणून हे नाव. आणि बाबा म्हणजे सासरे. सासूबाई गेल्यावर ते लांबच्या शहरातल्या आपल्या घराला कुलूप घालून इथे आले होते, चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांचे महिने झाले, पण बाबांचं पाहुणेपण काही सुटेना. अंघोळीला जाताना विचारायचे, "कुणाला घाई नाही ना?" भाजी खारट झाली तर जास्त पाणी प्यायचे, बोलायचे नाहीत. सुनेला अहोजाहो करायचे. तिकडच्या घराची किल्ली कायम शर्टाच्या खिशात, आणि कुठल्याही बोलण्याच्या शेवटी ठरलेलं, "माझं काय, मी आता निघेनच."

ते जाऊ नयेत असं तिला फार वाटायचं. तिचे स्वतःचे वडील तिला धड आठवतही नव्हते. घरात वडील असण्याची सवय तिला लागायचीच राहून गेली होती, ती आत्ता कुठे लागत होती. पण 'राहा ना' म्हटलं की बाबा हसून 'बघू' म्हणत, आणि त्या 'बघू'ची तिला धास्ती वाटायची. म्हणून तिने सांगणं सोडलं आणि कामं काढायला सुरुवात केली. माणूस कामात गुंतला की पाय निघत नाही, असा तिचा आपला हिशेब.

पहिलं काम भाज्या सोलायचं. बाबा इतक्या निगुतीने सोलत की बटाट्याची अख्खी साल एका फितीसारखी उतरायची. त्या साली कचऱ्यात टाकणं तिच्या जिवावर यायला लागलं. मग एका जुन्या पिंपाला भोकं पाडली. खाली वाळका पाला, वर साली, अंड्यांची टरफलं, पुन्हा पाला. चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून येताना ती रस्त्याकडेचा पाचोळा पिशवीत भरून आणायची. दुकानातल्या बाई म्हणाल्यासुद्धा, "लोक बाजारातून पालेभाजी नेतात, तू नुसताच पाला नेतेस!"

हळूहळू पिंपातलं सगळं काळं, भुसभुशीत झालं. पिठाच्या जुन्या चाळणीने तिने ते चाळलं, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी वाळू मिसळली. रोपवाटिकेतल्या माळ्याने मूठभर गांडुळं दिली. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, अशी माती जमली, आणि ती तिने गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत भरली. वास तर असा की भिंगरी नाक खुपसून म्हणाली, "आई, हिला जंगलाचा वास येतोय!" जंगल तिने कधी पाहिलंही नव्हतं.

राहिलं पाणी. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा, आणि ते औषध मातीतल्या बारीकसारीक जिवांना सोसत नाही असं तिने वाचलं होतं. उपाय सोपा होता. बादली भरून उघडी ठेवायची, औषध आपोआप उडून जातं. तिने तसं केलं. पण सकाळी पाहावं तर वास होताच. दुसऱ्या दिवशी तिने बादली जास्त वेळ ठेवली, तर वास वाढलेला! 'नळालाच जास्त औषध सोडत असतील मेले,' असं म्हणून तिने आणखी पसरट टब घेतला. वास आणखी चढला. पण बी पेरायच्या आधी माती मुरायला हवी, म्हणून नाइलाजाने तेच पाणी ती थोडं थोडं शिंपत राहिली.

त्या टक्कच्या सकाळी चहा संपवून ती गॅलरीत गेली. कुंडीतली गांडुळं काठावर चढून बसली होती, जणू घर सोडून निघाली होती. काही मधेच निपचित पडली होती. तिने माती उचलून हुंगली. जंगल कुठल्या कुठे गेलं होतं.

"आई, काय झालं?" भिंगरी डोळे चोळत मागे उभी.

"काय माहीत गं. पाण्यातच काहीतरी आहे."

"औषध आहे," भिंगरी सहज म्हणाली. "आजोबा घालतात. बाटलीचं बूच काढून, रोज. पाण्याला ताप येऊ नये म्हणून."

तिला क्षणभर काही उमजेना. मग लख्खकन सगळं जुळलं. बाबांची सगळी नोकरी पाणी शुद्धीकरण केंद्रात गेली होती, शहराच्या पाण्यात औषध सोडण्यात. तिने त्यांना त्या नोकरीबद्दल कधी विचारलं नव्हतं, जुन्या आठवणी निघतील म्हणून. त्यांनी बादलीबद्दल विचारलं नव्हतं, सुनेच्या कामात नाक कशाला खुपसा म्हणून. दोघं एकमेकांना इतकं जपून बोलत होते की कामाचं बोलणं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात बाबाच आले, हातात ती छोटी बाटली.

"बाबा!" तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "हे काय चालवलंय तुम्ही?"

बाबा जागच्या जागी थबकले. "पाणी उघडं होतं. वास गेला होता त्याचा."

"वास जावा म्हणूनच उघडं ठेवते मी!"

"वास जावा म्हणून?" बाबांना ते अक्षरशः कळेना. "अहो, वास गेला म्हणजे पाणी बेवारशी झालं! रोज सकाळी येऊन बघतो, वास कमी. म्हटलं आपला डोस कमी पडतोय. मग वाढवत गेलो."

"आणि मी रोज बादली जास्त वेळ ठेवत गेले! गांडुळं मेली माझी, बाबा! इतक्या महिन्यांची माती घालवलीत!"

नवरा तोंडात ब्रश घेऊन दारात आला, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आल्या पावली परत फिरला. त्याच्या वडिलांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता.

बोलून गेली आणि तिची जीभ तिलाच टोचली. संपलं, आता किल्ली खिशातून बाहेर येणार. पण बाबा खाली मान घालून एवढंच म्हणाले, "भिंगरी त्या बादलीतलं पाणी पिते. परवा ओंजळीने पिताना पाहिली मी."

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्हाला कसं सांगायचं? तुमचं घर, तुमची बादली."

"चोरून औषध घालता येतं आणि सांगता येत नाही? ओरडायचं माझ्यावर!"

"ओरडू?"

"ओरडा!"

बाबांनी एक श्वास घेतला. "अगं, उघड्या पाण्यावर साधं एक फडकं बांधायला काय होतं तुला? वास वर जाईल, पोरीचा हात आत जाणार नाही, डास बसणार नाहीत! एवढी शिकलेली, चष्म्याच्या दुकानात लोकांना दिसायला लावतेस, आणि तुला स्वतःला हे दिसू नये?"

बाबा तिला 'अगं' म्हणाले होते. मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिने पटकन कुंडीत मान घातली. बाबा गोंधळून बाटलीचं बूच लावायला लागले.

"आता हे औषध काढायचं कसं ते सांगा," ती नाक ओढत म्हणाली.

"घालायचं कसं ते झोपेतून उठवून विचार. काढायचं कसं हे आजवर कुणी विचारलंच नाही मला." त्यांनी बाह्या सरसावल्या. "बघू करून."

मग ते दोघं दिवसभर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत बसले, भिंगरी मधे भिजत. नवी बादली भरली, तिच्यावर मलमलचं फडकं ताणून बांधलं ते बाबांनीच. कुंडीतली माती कागदावर पसरून वाऱ्याला ठेवली. पिंपाच्या तळाला ते पाणी कधी पोचलंच नव्हतं. तिथली काळी माती काढून त्यात मिसळली आणि वाचलेली गांडुळं त्या मातीत सोडली. पहिले काही दिवस ती दबकून राहिली, मग एका सकाळी वर त्यांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या. बाबांनी माती हुंगली, भिंगरीने हुंगली, आणि आजोबा-नात दोघांनी मिळून निकाल दिला: जंगल परत आलं.

घेवड्याचं बी बाबांनीच पेरलं, बोटाच्या पेराएवढ्या खोल. कुठलं झाकण उघडं दिसलं की बंद करायचं, आणि जेवणात मीठ जास्त झालं की सांगायचं, असे आता ते वागायला लागले होते. पेरणीच्या त्या दिवशी हात धुता धुता तिने जीव मुठीत धरून विचारलंच, "मग आता? जायचं काय ठरलं?"

बाबांनी फडक्यावरून हात फिरवला. "एवढं पेरलंय तर कोंब बघूनच जाईन म्हणतो."

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आली तर घर सुनं वाटलं. बाबा खोलीत वाचता वाचता पेंगत होते. भिंगरी मात्र चक्क एका जागी बसली होती, गॅलरीत, कुंडीवर दोन्ही हातांचं छप्पर धरून.

"काय गं करतेस?"

"ऊन अडवतेय." भिंगरीने खोलीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "आजोबा म्हणाले, कोंब आला की जाणार. मग तो जरा उशिरा आला तर बरं ना?"

ती लेकीजवळ खाली बसली. छोट्या हातांच्या सावलीत ओली माती दिसत होती, आणि कोंब तर आला नाही ना, या धास्तीने त्या मातीवर नजर ठेवून ती स्वतः सकाळी किती वेळ उभी होती ते तिला आठवलं.

"पण त्या बीला पण यायचंय ना वर," भिंगरी म्हणाली. हात तिने काढले नाहीत. "आई, मग मी कुणाच्या बाजूने असायचं?"