आधी पाहुण्याला

मी एक डेग बोलतेय. आवाज जरा घुमल्यासारखा वाटेल, कारण सध्या मी रिकामी आहे. रिकामं भांडं जास्त वाजतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. भरलेली होते तेव्हा मला बोलायला फुरसत कुठे होती?

माझा जन्म सुदानमधल्या ओम्दुरमान शहराच्या बाजारातला. तिथले कारागीर भंगारातल्या गाड्या वितळवून भांडी ओततात. त्यामुळे माझ्या अंगात कुठल्याशा बसचं इंजिन आहे, आणि तापले की मी अजून थोडी गुरगुरते. गल्लीने वर्गणी काढून मला विकत घेतलं. लग्न असो की मयत, गल्लीत माणसं जमायच्या आधी मी पोचलेली असायचे.

मला सांभाळायचा मान हाजा बतूलकडे होता. मक्केला जाऊन आलेली, म्हणून सगळे तिला हाजा म्हणत. तिचा हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. नवरा सिद्दीग निवृत्त मास्तर. घरात त्याचं काही चालत नसे, पण दारात पाहुणा आला की मास्तर सिंह व्हायचे. पाहुणा नको नको म्हणत उठू लागला की ते शपथ घालायचे, "जेवल्याशिवाय गेलात तर माझ्या बायकोला तलाक!" दुसऱ्याचा संसार मोडायचं पाप कोण घेणार? पाहुणा मुकाट बसायचा.

"आजवर एकही पाहुणा उपाशी उठला नाही," हाजा कांदा चिरता चिरता म्हणायची, "नाहीतर मी केव्हाच सुटले असते."

मग दोन सेनापतींचं आपसात बिनसलं आणि घरं मात्र आमची गेली. गल्ली रिकामी होत होती तेव्हा हाजा मला घेऊन ट्रकपाशी आली. ड्रायव्हर वैतागला. "हाजा, माणसांना जागा नाही, हे धूड कुठे ठेवू?"

"माझ्या जागेवर ठेव. मी हिच्यात बसते."

आणि ती खरंच बसली. पूर्वेकडच्या गदारिफ शहरात पोचेपर्यंत मी तिला सांभाळलं. तोवर तिने मला सांभाळलं होतं, तेव्हा फिटंफाट झाली.

गदारिफमध्ये आम्हाला एका शाळेत जागा मिळाली. एकेका वर्गात चार-पाच कुटुंबं, मधे लुगड्यांचे पडदे. तैसीर नावाची मुलगी, युद्धाआधी औषधांच्या दुकानात काम करायची, तिने सगळ्यांना कामाला लावलं. बाजारातल्या तिळाच्या व्यापाऱ्यांकडून, परदेशातल्या भाऊबंदांकडून ती मसूर मिळवायची आणि हाजा तो माझ्यात शिजवायची. दिवसातून एकदा, माणशी एक पळी. सगळ्यांचं झालं की अम्मूना यायची. सहा-सात वर्षांची पोर, आईबाप वाटेत गेलेले. ती पत्र्याच्या चमच्याने माझा तळ खरवडायची. मला गुदगुल्या व्हायच्या. लग्नाच्या मेजवान्यांत मला कधी वाटला नाही असा अभिमान त्या खरवडण्याने वाटायचा.

मदत करणाऱ्या संस्थांच्या पांढऱ्या गाड्याही यायच्या, नाही असं नाही. एका संस्थेने समतोल आहाराचं मोठं रंगीत चित्र दिलं. त्यात अंडी होती, दूध होतं, संत्री होती. हाजाने ते माझ्या चुलीपुढे वाऱ्याला आडोसा म्हणून लावलं. त्या चित्राचा तेवढा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं.

मसूर संपत आला. तैसीरने एका मोठ्या संस्थेचे उंबरे झिजवले. त्यांच्या गोदामात पोती छतापर्यंत रचलेली होती. पण आधी पाहणी हवी, आमची भूक खरी आहे की नाही हे त्यांच्या साहेबाने डोळ्यांनी बघायला हवं. ठीक आहे, बघा म्हणावं.

साहेब आला. उंच, घामाघूम, सोबत दुभाषा आणि चारपाच माणसं. सिद्दीग मास्तरांनी त्यांना सावलीत बसवलं. साहेब म्हणाला, आम्ही फक्त पाहून जाऊ. झालं! मास्तरांनी तलाकाची शपथ घातली. दुभाषा इथलाच, त्याला शपथेचं वजन ठाऊक. त्याने साहेबाचा हात धरून खाली बसवलं. हाजाने उरलेला सगळा मसूर माझ्यात ओतला, वर तिळाचं तेल सोडलं. पाहुण्यांनी बोटं चाटली. त्या दिवशी अम्मूना आली, तेव्हा खरवडायला काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. अन्नाची परिस्थिती समाधानकारक. स्वयंपाक उत्तम.

तैसीर दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. "हाजा, तू त्यांना पोटभर जेवू घातलंस. मग त्यांना आपली भूक दिसणार कशी?"

"मग काय, आलेल्या माणसाला उपाशी ठेवू? लाज विकून डाळ आणायची का?"

भांडून-तंडून तैसीरने दुसरी पाहणी मंजूर करून आणली. या खेपेला तिने पक्का बंदोबस्त केला. मला घासून पालथं घातलं. मास्तरांपुढे हात जोडले. "चाचा, आज शपथ नाही. आज आपण भुकेलेले दिसायला हवं."

"दिसायला हवं म्हणजे? आहोतच की."

"तेच तर. फक्त मधे येऊ नका."

साहेब आला. पालथी मी त्याने पाहिली, मान हलवली, वहीत लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच. मास्तर जमिनीकडे बघत बसले होते. साहेबाने रुमालाने मान पुसली आणि जायला उठला. तेवढ्यात मास्तरांचा तोल गेला. त्यांना आपला बाप आठवला असेल, आजा आठवला असेल. "कोरड्या तोंडाने गेलात," ते म्हणाले, "तर माझ्या बायकोला तलाक!"

हाजाने नवऱ्याकडे असं पाहिलं की मी पालथी होते तेच बरं. मग ती उठली आणि तिने मला सुलटं केलं. एका पडद्याआडून मूठभर मसूर आला. दुसऱ्या पडद्याआडून कांदा. कुणी लेकरासाठी पुरचुंडीत बांधून ठेवलेली साखर आणली. तैसीर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण थोड्या वेळाने तिनेही ओच्यातलं मीठ काढून दिलं.

साहेब जेवला. निघताना त्याचे डोळे पाणावले होते, हेही सांगते, कारण मला खोटं बोलता येत नाही. आठवड्याने निकाल आला. शिबिरात लपवलेला साठा आढळला.

आता मी व्हरांड्यात पडून असते. अम्मूना अजून येते. सवयीने रिकाम्या तळावर चमचा घासते. आता गुदगुल्या होत नाहीत, जीव तुटतो. मी तोफा ऐकल्यात, पण त्या चमच्याइतका मला कशाचा त्रास झालेला नाही.

म्हणून जगातल्या साहेबलोकांना माझं सांगणं आहे. आमची भूक बघायला पाहुणे म्हणून येऊ नका. ते आम्हाला परवडत नाही. यायचंच असेल तर खांद्यावर मसुराचं पोतं घेऊन या. पोतं घेऊन येणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणत नाही, घरचा म्हणतो. आणि घरच्यांना आमच्याकडे सगळ्यात शेवटी वाढतात, अम्मूनाच्याही नंतर.