ताटावरून उठणं

दारावर थाप पडली तेव्हा बोहुमीरच्या चमच्यात माशाचं सूप होतं. चमचा तोंडात गेला नाही आणि खालीही आला नाही.

"हेदविकाच आहे," अपोलेना म्हणाली. "पोरीची थाप मला कळते."

"मलाही ऐकू येतंय. जेव तू."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कुणी ताटावरून उठायचं नाही. जो आधी उठेल तो पुढच्या नाताळला ताटावर नसतो. एरवी बोहुमीर असल्या गोष्टींना हसायचा. आज हा नियम त्याच्या पथ्यावर पडला होता.

पुन्हा थाप पडली. अपोलेनाने टेबलावर हात टेकले.

"बस खाली! वेड लागलंय का?"

"मरेन तर मरेन. पोर थंडीत उभी आहे, अहो."

"तुझी पोर जर्मन झाली. विसरलीस वाटतं?"

ती काही विसरली नव्हती. सात वर्षांपूर्वी जर्मन फौज सीमेवरच्या या गावात आली, तेव्हा याच फाटकावर कुणीतरी डांबराने 'चेक' असं लिहिलं आणि या दोघांनी हातगाडीवर संसार घालून गाव सोडलं. गावातल्याच जर्मन राइनहोल्डची बायको म्हणून हेदविका मागे राहिली. यंदा जर्मनी लढाई हरल्यावर ते परतले, तर तोच शब्द सोन्याचा झालेला! चेक असाल तर घर, रेशन, मान. जर्मन असाल तर दंडावर पांढरी पट्टी आणि सीमेपार जाणारी गाडी. आपल्याला मुलगी नाही, असं बोहुमीर तेव्हापासून लोकांना सांगत आला होता.

अपोलेना उठू लागली. त्याने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपणच उभे आहोत.

त्याने दार वीतभर उघडलं. हेदविकाच्या दंडावर पट्टी होती. मागे फाटकापाशी राइनहोल्ड टोपी हातात धरून उभा होता.

"सण झाला की आम्हाला छावणीत नेणार, बाबा. निरोप घ्यायला आले."

"तुला कशाला नेतील? तू चेक आहेस. मी गावच्या समितीपुढे सांगतो. ये आत. एकटी."

"आणि तो?"

"आम्हाला हाकललं तेव्हा कुठे होता तो?"

"गप्प बसला होता," ती म्हणाली. "तुम्ही आता बसलाय तसाच."

ती वळली. बर्फात दोघांची पावलं करकरत दूर जाऊ लागली. आत अपोलेना तोंडाला पदर लावावा तसा टेबलावरचा रुमाल लावून रडत होती.

बोहुमीर उंबऱ्याबाहेर आला.

"राइनहोल्ड! आत या. दोघंही."

हे तो जर्मनमध्ये बोलला. सात वर्षांत ती भाषा त्याने ओठांवर येऊ दिली नव्हती, आणि आता तर रस्त्यात ती बोलणाऱ्याची धडगत नव्हती. समोरच्या घरातला पडदा सरकला. कुणीतरी दिवा खिडकीशी आणला.

बोहुमीरने ते पाहिलं. घसा खाकरून त्याने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने.