पेल्याच्या तळाशी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि जन्मभर भीतच आलो आहे. कारखान्यातून लख्ख होऊन निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी थंडगार पाणी आणि तहानलेली माणसं! पण मी गेलो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या घरी. काचेच्या ग्लासात दारू दिसते, माझ्यात दिसत नाही. एवढ्याच गुणावर माझी निवड झाली.

माणूस वाईट नव्हता हो. पण सकाळी हात थरथरायचे आणि ते थांबवायला तो पुन्हा मलाच उचलायचा. एकदा त्याची मुलगी शाळेतून धापा टाकत आली आणि पाणी समजून तिने मला तोंडाला लावलं. एकच घोट. खोकून खोकून ती लालबुंद झाली. मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळालं. "आजपासून बंद," त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

शपथ खरी होती, पण शरीराला ती कुठे कळते? त्याला दरदरून घाम सुटला, भलभलतं दिसू लागलं आणि एका सकाळी उभ्या उभ्या फिटचा झटका आला. मी हातातून फरशीवर आपटलो. माझ्या कडेचा पोचा तेव्हाचा आहे. बायकोने त्याला इस्पितळात नेलं आणि घाईघाईत मलाही पिशवीत टाकलं.

"इतकी जुनी दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत."

घरी सोडताना समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवलं. "रोज सकाळी ही गोळी. हिच्यावर दारू घेतलीत तर जिवावर बेतेल. मान्य असेल तरच सुरू करू." त्याने मान हलवली. मग त्या बायकोकडे वळल्या. "आणि हे गोळी गिळेपर्यंत तुम्ही बघायचं."

आता माझ्यात पाणी येऊ लागलं. मला धन्य वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून काय बघायचं, असं बायकोला वाटायचं. ती शेगडीकडे तोंड करून उभी राहायची. एक दिवस त्याने तिच्या पाठीमागे गोळी हळूच माझ्यात थुंकली आणि मला मोरीत रिकामं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी गारठलो. यापुढे माझ्यात काय ओतलं जाणार, हे मला दिसत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

मग एकदा कामावर जायच्या गडबडीत तो मला रिकामं करायला विसरला. तो दारात बूट घालत असतानाच बायकोने मला घासायला उचललं आणि तिचा हात थांबला. तळाशी पांढरा साका होता.

"अहो, हे काय?"

"मीठ असेल."

"पाण्यात मीठ घालून कधीपासून पिता?"

तो बूट काढून खाली बसला. "गोळी पोटात गेली की प्यायची वाटच बंद होते. त्याचीच भीती वाटते गं."

"आणि माझी भीती सांगू?" तिने मला त्याच्यापुढे ठेवलं. "तुमची पोरगी अजून वास घेतल्याशिवाय पाणी पीत नाही."

त्याच दिवशी दोघं बाईंकडे गेले. बाई रागावल्या नाहीत म्हणे. ओढ कमी करणारं दुसरं औषध आहे, दारू सोडलेल्यांची बैठक आहे, वेळ पडली तर पुन्हा दाखल करून घेऊ, फक्त लपवू नका, असं त्या म्हणाल्या. त्याने तीच गोळी ठेवली आणि संध्याकाळची बैठक धरली. आता रोज सकाळी तो गोळी गिळतो, लहान मुलासारखा आ करतो, जीभ वर उचलतो. "बघ." ती बघते. कोणी हसत नाही.

मित्रांनो, आपलं माणूस घसरलं तर त्याला झाकून ठेवू नका आणि हाकलूनही देऊ नका. उपचाराला न्या, एक नाही जमला तर दुसऱ्याला न्या. आणि भिडेपोटी पाठ फिरवू नका.

माझी भीती अजून गेलेली नाही. आज मुलगी शाळेतून आली. तिने नळ स्वतः उघडला, मला स्वतः भरलं, तरी आधी वास घेतला. मग प्यायली.