टोपलीतली मूठभर ज्वारी

वरणगावच्या अलीकडे तापीच्या काठाला एक लहान गाव आहे. तिथल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर दुपारची जेवणं उरकली की बायका जमतात. प्रत्येकीच्या पुढ्यात केळीच्या धाग्याची लड असते आणि मधोमध, भिंतीला पाठ टेकून, लिलाबाई बसलेल्या असतात. लिलाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं गावच्या अंगणवाडीत घालवली. ओट्यावरच्या निम्म्या बायका लहानपणी त्यांच्यापुढे मांडी घालून बसलेल्या. आता त्यांची लेकरं शाळेत जातात, तरी वीण चुकली की त्या अजून जीभ चावतात आणि बाईंकडे बघतात. लिलाबाई रागवत नाहीत. चुकलेलं उसवतात, धागा परत तिच्याच हातात देतात आणि म्हणतात, "चाल, पुन्हा. मी पाहू ऱ्हायली."

केळीचा घड उतरला की खोड कापून बांधावर टाकायचं, ही इकडची नेहमीची पद्धत. बचत गटाला त्या खोडातून धागा काढायचं यंत्र मिळालं आणि बांधावरचा कचरा ओट्यावर आला. टोपल्या, चटया, पिशव्या विणायला लिलाबाईंनी शिकवलं. पण विणलेलं विकायला शिकवलं त्यांच्या सुनेनं, प्रज्ञानं.

त्याचं असं झालं. जळगावच्या प्रदर्शनात सगळ्याजणी मोठ्या हौसेनं माल घेऊन गेल्या. लोक येत, टोपली हातात घेत, छान आहे म्हणत आणि पुढच्या पापडाच्या स्टॉलवर जात. टेम्पो जसा भरून गेला, जवळजवळ तसाच भरून परत आला. येताना बायका न खपलेल्या टोपल्या मोजत होत्या. प्रज्ञा मात्र वाटभर फोनमध्ये डोकं घालून बसली होती. घरी आल्यावर तिनं सासूला सांगितलं की लोक आपल्याकडे येत नसतील तर आपणच त्यांच्या फोनमध्ये जाऊ.

पहिले फोटो काढले तेव्हा टोपलीपेक्षा मागची शेळीच जास्त दिसली. मग लिलाबाई पांढरी चादर धरून उभ्या राहू लागल्या. 'मोठी टोपली' असं लिहिलं तर पुण्याहून एका बाईंनी विचारलं, मोठी म्हणजे किती. लिलाबाई आयुष्यभर वितीनं मोजत आलेल्या. प्रज्ञानं शिंप्याची टेप आणली आणि ओट्यावर एक आख्खी दुपार सेंटिमीटर शिकवण्यात घालवली. सासू विद्यार्थिनीसारखी पुढे बसली होती, आणि सून चुकलेलं माप खोडत होती, पुन्हा करायला लावत होती, अगदी सासूच्याच पद्धतीनं. लिलाबाईंना तेव्हा मनातून फार बरं वाटलं. आपली शिकवण दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकण्यासारखं सुख शिकवणाऱ्याला नसतं.

फोनवरच्या दुकानाचं नाव ठेवलं 'तापीकाठ'. आधी जळगाव, धुळे, नाशिक, पुणे इथल्या ऑर्डरी आल्या. त्या जोरावर प्रज्ञानं दुकान एका मोठ्या साइटवर चढवलं आणि मग बंगळूर, दिल्ली, कोची अशी नावं पार्सलांवर दिसू लागली. लिलाबाईंचा मुलगा संघपाल सकाळी कामावर जाताना पार्सलं भुसावळच्या कुरिअरवाल्याकडे पोचवायचा.

त्या साइटवर गिऱ्हाईक तारे देतं. प्रज्ञानं ही गोष्ट सांगितली तेव्हा लिलाबाईंना हसू आलं. अंगणवाडीत शहाण्या पोराच्या तळहातावर त्या लाल पेननं चांदणी काढायच्या. पोरं ती चांदणी पुसली जाऊ नये म्हणून डाव्या हातानं जेवायची.

पण दसऱ्याच्या सुमाराला चांदण्या गळायला लागल्या. बंगळूरच्या एका बाईंनी एकच तारा दिला आणि लिहिलं, वापरलेली टोपली नवी म्हणून पाठवली. मग दुसरीनं, मग तिसऱ्यानं. प्रज्ञानं ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. साइटचा नियम असा, की ताऱ्यांची सरासरी चारच्या खाली गेली की दुकान पहिल्या पानांवरून हटतं. म्हणजे ऐन दिवाळीत 'तापीकाठ' कुणाला दिसणारच नव्हतं. दिवाळीच्या भरवशावर धागा काढून ठेवला होता, हेमांगीसारख्या शेतातली मजुरी सोडून आलेल्या बायका होत्या. आणि प्रज्ञा रात्रंदिवस खपून हे उभं करत आली होती, ते लिलाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सगळ्यांनी दोष शोधला. धागा पिवळा पडतो का, ते पाहिलं. वास येतो का, ते हुंगून पाहिलं. शेवटी संशय संघपालच्या मोटारसायकलवर गेला. गटातली दिपमाला त्याला तोंडावर म्हणाली, "भाऊ, खरं सांगा, भुसावळहून मेथी आमच्याच टोपलीत आणता ना?" बिचारा संघपाल शपथा घेत राहिला आणि बायका हसत राहिल्या. पण प्रज्ञा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी एका तक्रारीसोबत फोटो आला. प्रज्ञानं तो बोटांनी मोठा केला. टोपलीच्या तळाशी ज्वारीचे दाणे होते आणि गिऱ्हाईकानं त्यांच्याभोवती लाल गोल काढला होता.

सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि इतके दिवस का कळलं नाही, तेही कळलं.

विणून झालेली प्रत्येक टोपली शेवटी लिलाबाईंच्या हातात यायची. त्या काठ तपासत, शेवटची गाठ मारत आणि बाजूच्या डब्यातून ज्वारीची लहानशी मूठ टोपलीत टाकून ती पुढे सरकवत. नवी टोपली, नवं सूप कुणाला रिकामं द्यायचं नाही, हे या मुलखात कुणी कुणाला शिकवत नाही. प्रज्ञाच्या माहेरी पाचोऱ्याकडे तिची आईही तेच करायची. हेमांगीची सासू तेच करायची. रोज डोळ्यांसमोर होत होतं, म्हणून कुणाला दिसलंच नव्हतं. पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकांनीही कधी विचारलं नव्हतं. बंगळूरच्या बाईंना मात्र वाटलं, कुणाच्या तरी घरातली धान्याची टोपली झटकून आपल्याला पाठवली.

लिलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तुझे तारे मीच तोडू ऱ्हायली होती," त्या म्हणाल्या.

प्रज्ञा घाईनं म्हणाली, की आत्या, तुमची चूक नाही, आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण आजपासून ज्वारी नको. लिलाबाईंनी मान हलवली. डबा घरात गेला.

दोन दिवस टोपल्या रिकाम्या गेल्या. लिलाबाई गाठ मारत आणि त्यांचा हात आपोआप उजवीकडे जाई, तिथं डबा नसे. त्यांना शकुन-अपशकुनाचं काही नव्हतं. तसलं सगळं त्यांनी तरुणपणीच सोडलं होतं आणि दुसऱ्यांनाही सोडायला लावलं होतं. पण एवढं मन लावून केलेली वस्तू अशी कोरडी पुढे सरकवायची म्हणजे दारी आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं त्यांना वाटे. आणि दुसरीकडे सुनेचं दुकान होतं. दोन्ही त्यांना हवं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या प्रज्ञाच्या शेजारी जाऊन बसल्या. "प्रज्ञा, अंगणवाडीत एखाद्या पोराला काही माहीत नसलं, तर मी काय करायची?"

"शिकवायच्या."

"मग या लोकाईले काहून शिकवू नही? त्याईले माहीत नही, एवढंच हाये ना?"

लिलाबाई उत्तराची वाट बघत बसल्या. वाट बघायची त्यांना सवय होती. मग प्रज्ञाचे डोळे फोटो काढताना होत तसे बारीक झाले. ती म्हणाली, "शिकवायचं तर तुम्हीच शिकवायचं, आत्या. मी व्हिडिओ काढते. पण दाणे सुटे जाणार नाहीत."

सुट्या दाण्यांचा प्रश्न हेमांगीनं सोडवला. काठ कापताना धाग्याची जी आखूड टोकं उरत, त्यांची तिनं बोटभर पिशवी विणली. ज्वारी निवडून, उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची आणि पिशवीत बांधायची. इतकी चिमुकली पिशवी विणायला पहिल्यांदा सगळ्यांचीच बोटं अडखळली. लिलाबाईंचीसुद्धा.

व्हिडिओचं काम मात्र लवकर जमेना. कॅमेरा समोर आला की लिलाबाई मीटिंगमध्ये अहवाल वाचल्यासारख्या बोलू लागत. 'सदर टोपली' असं त्या म्हणाल्या तेव्हा दिपमालानं तोंडात पदर कोंबला. शेवटी प्रज्ञानं फोन खाली, चटईच्या उंचीवर धरला. "आत्या, इथं कॅमेरा नाही. तुमची पोरं बसली आहेत आणि त्यांना काहीच माहीत नाही."

लिलाबाईंनी खाली पाहिलं. त्यांचा आवाज बदलला. त्यांनी टोपली पुढे घेतली, पिशवी सोडून दाणे तळहातावर ओतले आणि सांगितलं, की बाळांनो, ही टोपली नवीकोरी आहे. आमच्याकडे नवी टोपली रिकामी देत नाहीत. तुमच्या घरी ती भरलेली राहावी म्हणून पहिली मूठ आमची. खायची तर खा, चिमण्यांना घातली तरी चालेल. नंतर दाणे परत पिशवीत भरून त्यांनी गाठ कशी मारायची, तेही दाखवलं, कारण शिकवायला बसलं की त्यांना अर्धवट शिकवता येत नसे.

प्रज्ञानं खाली हिंदी आणि इंग्रजीत मजकूर घातला, दुकानाच्या पहिल्या पानावर व्हिडिओ लावला आणि ज्यांनी तक्रार केली होती, त्यांनाही पाठवला. काहींनी तारे बदलले. बंगळूरच्या बाईंनी बदलले नाहीत. त्यांचा एक तारा अजून तिथंच आहे. पण खाली नव्या माणसांनी लिहायला सुरुवात केली. कुणी दाणे कुंडीत पेरून कोंबांचा फोटो टाकला. कुणी विचारलं, नुसत्या पिशव्या मिळतील का. सरासरी चारच्या काठावर येऊन थांबली, मग हळूहळू वर चढली. दिवाळीत 'तापीकाठ' पहिल्या पानावर होतं आणि पार्सलांना संघपालची मोटारसायकल पुरेना, त्याला टेम्पो सांगावा लागला.

दिवाळी सरल्यावर कोचीहून एक पार्सल परत आलं. माल परत आला की ओट्यावर सगळ्यांचे चेहरे पडतात, तसे पडले. प्रज्ञानं फोनवर पाहून सांगितलं, की तक्रार नाही, त्या बाईंना एक माप मोठी टोपली हवी आहे. तिनं खोकं उघडलं आणि टोपली सासूपुढे ठेवली.

टोपली रिकामी नव्हती. तळाशी हेमांगीनं विणलेली पिशवी होती, गाठ लिलाबाईंनी शिकवली तशीच मारलेली. लिलाबाईंनी ती सोडली. तळहातावर काळी मिरी घरंगळली, टपोरी, ताजी. सगळ्या ओट्यावर तिचा वास पसरला.

लिलाबाईंनी मिरी पिशवीत भरली. मग प्रज्ञा पत्ते लिहायला वापरायची तो लाल मार्कर उचलला. "हात आण," त्या म्हणाल्या.

प्रज्ञानं उजवा हात पुढे केला. लिलाबाईंनी तिच्या तळहातावर चांदणी काढली, पाच टोकांची, सावकाश, एकही रेघ न चुकवता.

"बाई, मले पण," दिपमालानं हात पुढे केला.

लिलाबाईंनी तिच्या मांडीवरची टोपली घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. "तुझा काठ अजून ढिला हाये," त्या म्हणाल्या. "चाल, पुन्हा."

त्या दुपारी प्रज्ञानं पार्सलांवरचे सगळे पत्ते मूठ अर्धी मिटून लिहिले, आणि संध्याकाळी ती डाव्या हातानं जेवली.