पाण्याआधीचा प्रश्न

लग्नाला चार दिवस असताना अनुजाने माझ्या हातात एक कागद दिला आणि माझी झोप उडवली.

"बाबा, गुरुजी मंत्रांचा अर्थ मराठीत सांगणारेत. तुझं वाक्य पाठ कर. नुसते ओठ हलवायचे नाहीत."

मुलीच्या बापाला लग्नात वाक्य असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, बापाने गुरुजी सांगतील तेव्हा पळीभर पाणी सोडायचं, 'मम' म्हणायचं आणि एक डोळा पंगतीवर ठेवायचा. कागदावर वेगळंच होतं. कन्यादानाच्या वेळी बापाने जावयाला विचारायचं की धर्म, अर्थ आणि काम, या तिन्ही बाबतींत माझ्या मुलीला डावलून काही करणार नाहीस ना? जावयाने तीनदा कबूल करायचं, 'नाही डावलणार.' खाली अनुजाने पेनाने लिहिलं होतं: आधी प्रश्न, मग पाणी.

भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत बसून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि डोक्यात घोळ सुरू झाला. म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, दत्ताराममामांनी, हेच मला विचारलं असणार. मी गुरुजींच्या मागोमाग काहीतरी तीनदा म्हटल्याचं आठवतं. तिसऱ्या वेळी मुंडावळी नाकात गेली म्हणून हसलोही होतो.

आणि लग्नानंतर वर्षभरातच मी काय केलं? सुभद्राला, म्हणजे माझ्या बायकोला, लालबागच्या एका बालवाडीने बाई म्हणून बोलावलं होतं. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी बालवाडीत जाऊन 'ती येणार नाही' असं परस्पर सांगून आलो. संध्याकाळी हिला कळवलं. "सांगूनसुद्धा आलात?" एवढंच ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. विषय संपला, असं मी समजलो. ती चिडली असती तर निदान भांडलो असतो.

पण जे बोललो ते मला कळतच नव्हतं, तर तो शब्द धरायचा की नाही? मला काही ठरवता येईना. शेवटी गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, अर्थ न समजता मंत्र म्हटला तर तो लागू होतो का?"

"होतो की. त्याचंही फळ मिळतं, यजमान."

"आणि मोडला तर?"

गुरुजींना एकदम आठवलं की त्यांना साखरपुड्याला उशीर होतोय.

सुभद्राला विचारायचा धीर मात्र चार दिवसांत झाला नाही. ती रुखवत मांडत होती, नारळ मोजत होती, आणि मी उगाच तिच्या मागेमागे फिरत होतो. "काय हवंय?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी चहा मागितला.

दादरच्या हॉलमध्ये कन्यादानाची वेळ आली. खाली काशाचं भांडं, त्यावर जावयाची, पुष्करची ओंजळ, तिच्यावर अनुजाची, सर्वांत वर माझी. शेजारी सुभद्रा पाण्याची झारी धरून बसलेली. गुरुजींनी माइकवर अर्थ सांगितला आणि म्हणाले, "आता वडिलांनी विचारायचं."

कोणत्या तोंडाने विचारणार? मी सुभद्राकडे वळून हळूच म्हटलं, "तुला तेव्हा याचा अर्थ माहीत होता?"

"शाळेत संस्कृत होतं माझं."

"मग बालवाडीच्या वेळी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत होता."

मी गारच पडलो. एकतीस वर्षं ही बाई मला जाणूनबुजून शब्द मोडणारा माणूस समजून जेवायला वाढत होती. मी तर नुसता अडाणी होतो. पण हे दोन्हींतलं बरं कोणतं, तेही मला कळेना. लाज वाटली एवढं मात्र नक्की.

"बाबा," अनुजा पुटपुटली.

मी पुष्करला विचारलं. तो समजून, सावकाश, तीनदा म्हणाला, "हिला डावलणार नाही."

"वहिनी, पाणी सोडा," गुरुजी म्हणाले.

झारी जागची हलली नाही. सुभद्रा माझ्याकडे बघत होती.

"आता तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "समजून."

खालच्या दोन ओंजळी थांबल्या होत्या. मी म्हणालो, "तुला डावलणार नाही." एकदा, दोनदा. तिसऱ्यांदाही, या वेळी न हसता.

"यजमान, हे वराचं वाक्य आहे," गुरुजी माइकवरच म्हणाले.

"माहीत आहे," सुभद्रा म्हणाली, आणि तिने झारी कलती केली.